एक सेमिस्टर परदेशात: आधी विषय बघा, मग देश

प्रश्न: ताई, मी सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या युनिव्हर्सिटीचं बाहेरच्या काही युनिव्हर्सिटींशी टायअप आहे, पुढच्या वर्षी एक सेमिस्टर तिकडे जाऊन शिकता येतं. फॉर्ममध्ये तीन चॉइस भरायचेत आणि माझं आयर्लंड, जपान, जर्मनी यात अडकलंय. रोज व्हिडिओ बघते आणि रोज मत बदलतं. शेवटची तारीख पाच आठवड्यांवर आलीये. तुम्हीच सांगा, पहिला कुठला देश टाकू?

उत्तर: अगं, देश मी नाही सांगणार, आणि तूही आत्ता तो विचार थोडा बाजूला ठेव. एक्स्चेंज म्हणजे काय, तर डिग्री तुझ्याच युनिव्हर्सिटीची राहणार, फक्त त्यातले पाच-सहा विषय तू दुसरीकडे जाऊन करणार. म्हणजे तुझा अर्ज त्या पाच-सहा विषयांवर उभा आहे. ते जुळले तर तिन्ही देश छानच आहेत, आणि नाही जुळले तर परत आल्यावर तेच विषय इथे परत करायची वेळ येते.

हे मी इतक्या जोर देऊन सांगतेय कारण माझ्या बाबतीत हे झालंय. मी एका सेमिस्टरसाठी गेले तेव्हा पाच कोर्स केले, पाचही पास झाले, चांगल्या ग्रेडने झाले, आणि परत आल्यावर त्यातले दोन धरलेच नाहीत. जायच्या आधी एका सरांनी "हो हो, चालतील" असं तोंडी सांगितलं होतं आणि मी त्यावर निर्धास्त राहिले, मी परत येईपर्यंत ते सर दुसरीकडे गेले होते, नवीन मॅडमनी लेखी काय आहे ते दाखव म्हटलं, आणि माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. त्या दोन विषयांच्या परीक्षा मी शेवटच्या वर्षाच्या अभ्यासाबरोबर दिल्या. ते सहा महिने आठवले की अजून छातीत धडधडतं.

तर आज संध्याकाळी एक काम कर. वही घे, पानाच्या डाव्या बाजूला तुझ्या पुढच्या सेमिस्टरचे विषय लिही, प्रत्येकाचे क्रेडिट लिही, आणि कुठला कंपल्सरी, कुठला इलेक्टिव्ह ते पण लिही. उजवी बाजू कोरी ठेव, तीन युनिव्हर्सिटींसाठी तीन उभे रकाने. मग एकेका युनिव्हर्सिटीची कोर्सची यादी उघड, आणि एक्स्चेंजच्या मुलांसाठी वेगळी यादी असेल तर तीच बघायची, कारण मोठ्या यादीतले बरेच कोर्स आपल्याला मिळत नाहीत. कुठे सीट कमी असतात, कुठे आधीचा एखादा कोर्स झालेला लागतो. कोर्सचं नाव दिसलं की लगेच रकान्यात टाकू नको, तीन गोष्टी तपास: तो तू जाणार त्याच सेमिस्टरला चालतो का, कुठल्या भाषेत शिकवतात, आणि किती क्रेडिटचा आहे.

भाषेचं उदाहरण तुझ्याच लिस्टमधलं. जर्मनीत सायकॉलॉजीचं बॅचलर बहुतेक ठिकाणी जर्मनमधूनच शिकवतात. तुझं जर्मन तेवढं नसेल तर इंग्लिशमधले कोर्स किती उरतात ते मोजून बघ, कदाचित दोनच उरतील. आणि ते दोन तुझ्याकडच्या कंपल्सरी विषयांशी जुळत नसतील तर तो रकाना तिथेच संपला.

क्रेडिटचं गणित जरा नीट बघावं लागतं. युरोपात जी ईसीटीएस पद्धत आहे त्यात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरचे ३०, आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात लेक्चर आलं, घरचा अभ्यास आला, परीक्षेची तयारी पण आली. अमेरिकेत सेमिस्टरला साधारण १५ क्रेडिट घेतात. जपानमध्ये आठवड्यातून एकदा दीड तासाचा वर्ग असलेला सेमिस्टरभराचा कोर्स बऱ्याचदा २ क्रेडिटचा असतो. म्हणजे तिकडचे २ आणि आपले २ एकच असं समजायचं नाही, तुमच्या इंटरनॅशनल ऑफिसकडे रूपांतराचा तक्ता असतो, तो मागून घे.

तारखांचंही बघ. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं. जर्मनीत हिवाळी सेमिस्टरची लेक्चर ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात आणि फेब्रुवारीपर्यंत चालतात, परीक्षा त्याच्याही पुढे जाऊ शकतात. आयर्लंडमध्ये पहिलं सेमिस्टर सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये उरकतं. तुझं इथलं पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होत असेल तर आयर्लंडहून तू वेळेत परत येशील, जर्मनीहून नाही. व्हिडिओत हे कोणी सांगत नाही.

एवढं भरलं की ज्या रकान्यात सगळ्यात जास्त ओळी जुळल्या ती पहिली चॉइस. दोघांचे सारखे झाले तर मग खुशाल आवडीचा देश वर टाक, तिथे मन म्हणेल तसं कर.

अजून एक. निवड दोनदा होते हे पुष्कळ मुलांना माहीत नसतं. आधी तुझी युनिव्हर्सिटी तुला निवडते आणि तिकडे नाव कळवते, त्याला नॉमिनेशन म्हणतात. त्यानंतर तिकडच्या युनिव्हर्सिटीचा स्वतःचा फॉर्म वेगळा असतो आणि त्याची तारीखही वेगळी. नॉमिनेशन झालं की मुलं पार्टी करून मोकळी होतात आणि दुसऱ्या फॉर्मचा मेल स्पॅममध्ये पडून राहतो. तू तसं करू नको, नाव गेलं की रोज मेल बघ.

---

प्रश्न: मॅडम, मी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, नेदरलँड्ससाठी अप्लाय करतोय. एसओपीची, म्हणजे का जायचंय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनाची, सुरुवात पाठवतोय, कशी वाटते सांगा: "लहानपणापासून मला जग बघण्याची आणि वेगवेगळ्या संस्कृती जाणून घेण्याची आवड आहे. आपली प्रतिष्ठित युनिव्हर्सिटी जागतिक दर्जाची असून तिथे शिकणं हे माझं स्वप्न आहे. या अनुभवातून माझ्या व्यक्तिमत्त्वाचा सर्वांगीण विकास होईल." मित्र म्हणतात भारी आहे पण मला काहीतरी कमी वाटतंय.

उत्तर: तुला कमी वाटतंय ते बरोबरच आहे. एक कर, "नेदरलँड्स"च्या जागी दुसरा कुठलाही देश घाल आणि "सिव्हिल"च्या जागी इतिहास किंवा कॉमर्स घाल. एक शब्द तरी बदलावा लागला का? नाही. मग वाचणाऱ्याला तू कसा कळणार? तो माणूस त्या दिवशी असे पन्नास कागद वाचत असतो आणि त्यातल्या निम्म्यांना लहानपणापासूनच जग बघायचं असतं. यात तुझी काही चूक नाही, सगळेच आधी असंच लिहितात कारण असंच लिहायचं असतं अशी एक समजूत झालीये.

आता तुझ्या मेलमध्ये खाली, जवळजवळ शेवटी, तू एक ओळ लिहिलीयेस की तुझा दुसऱ्या वर्षाचा प्रोजेक्ट पुराच्या पाण्याच्या निचऱ्यावर होता आणि मॉडेलमध्ये भरतीचं पाणी उलटं आत येतं ते तुम्हाला नीट बसवताच आलं नाही. अरे, हीच तुझी सुरुवात आहे! नेदरलँड्सची जवळपास पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. १९५३ साली तिथे समुद्राचे बांध फुटून १,८३६ माणसं गेली, आणि त्यानंतर त्यांनी कित्येक दशकं खपून डेल्टा वर्क्स, म्हणजे समुद्र अडवणाऱ्या बांधांची मोठी मालिका, उभे केले. त्यातला ऑस्टरस्केल्डचा बांध बघ, तो आधी पूर्ण बंद करायचा ठरला होता, पण खाडीतली मासेमारी आणि तिथलं भरती-ओहोटीवर जगणारं सगळं मरेल म्हणून लोकांनी विरोध केला, मग त्यांनी डिझाइन बदलून उचलता येणारी दारं बसवली, एरवी उघडी आणि वादळ आलं की बंद, १९८६ मध्ये ते पूर्ण झालं. तुझ्या प्रोजेक्टमध्ये जे अडलं तेच या लोकांनी प्रत्यक्षात सोडवलंय.

तर असं काहीसं लिही, शब्द तुझेच वापर, मी फक्त वळण दाखवते: "दुसऱ्या वर्षी आम्ही पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं मॉडेल केलं. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की आमचं मॉडेल कोलमडायचं, कारण बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारं पाणी एकत्र कसं धरायचं हे आम्हाला येत नव्हतं. तुमच्याकडच्या किनारी अभियांत्रिकीच्या कोर्समध्ये भरतीचं मॉडेलिंग शिकवतात आणि आमच्या अभ्यासक्रमात ते नाही. परत आल्यावर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मला हेच मॉडेल पूर्ण करायचंय." बघ, चारच वाक्यं आहेत पण यातलं एकही दुसऱ्या कोणाच्या कागदावर चालणार नाही. यात कोर्सची खरी नावं घाल, त्यांच्या यादीत जशी आहेत तशीच.

आणि हो, "प्रतिष्ठित" आणि "जागतिक दर्जाची" काढून टाक, त्यांना ते माहितीये.

रेकोचं, म्हणजे शिफारसपत्राचं, तू विचारलं नाहीस पण सांगून ठेवते. पत्र ज्या सरांनी तुझा प्रोजेक्ट बघितलाय त्यांच्याकडूनच घे, भले ते एचओडी नसोत. निदान तीन आठवडे आधी माग, आणि मागताना त्यांना अर्ध्या पानात लिहून दे की कुठला प्रोग्रॅम, कुठली तारीख, कुठले कोर्स, आणि त्यांच्या विषयात तू नेमकं काय केलं होतंस. सरांकडे शंभर मुलं असतात, सगळं लक्षात राहत नाही, आणि मग ते बिचारे "मेहनती आणि प्रामाणिक विद्यार्थी" एवढं लिहून सही करतात.

---

प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी एका सेमिस्टरसाठी बाहेर जायचं म्हणते आहे. आम्हा दोघांना भीती वाटते की हे शिक्षणाच्या नावाखाली फिरणं आहे, वर्षही वाया जाईल आणि पैसेही. तिला नाराज करायचं नाही पण नेमकं काय विचारावं तेही कळत नाही. खर्चाचं कसं असतं?

उत्तर: नमस्कार. तुमची काळजी अगदी रास्त आहे, आणि ती पहिल्यांदा तुम्हालाच पडलीये असंही नाही. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर युनिव्हर्सिटीने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, कल्पना रेमंड कर्कब्राइड नावाच्या फ्रेंच शिकवणाऱ्या प्राध्यापकांची होती. तेव्हाही मुख्य मुद्दा हाच होता की तिकडचा अभ्यास इकडच्या डिग्रीत धरला जावा, नाहीतर ती सहलच झाली असती.

आणि धरला गेला नाही तर काय होतं त्याचीही एक गोष्ट सांगते. सोफिया कोराडी नावाची इटलीतली मुलगी पन्नासच्या दशकात फुलब्राइट स्कॉलरशिपवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकून परत आली, आणि रोममधल्या तिच्या युनिव्हर्सिटीने तो अभ्यास मान्य करायला साफ नकार दिला. इतकं शिकून आलेल्या मुलीला काउंटरवरून परत पाठवलं! ती गप्प बसली नाही, पुढची कितीतरी वर्षं ती याच मागणीच्या मागे लागली, आणि १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांना एकमेकांच्या देशात शिकायला पाठवणारा इरॅस्मस प्रोग्रॅम सुरू झाला. पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले होते. तिला नंतर लोक "मम्मा इरॅस्मस" म्हणायला लागले. मला ही बाई फार जवळची वाटते, का ते वर वाचलं असेल तर कळेल.

म्हणून मुलीला "कशाला जातेस" असं विचारू नका. "तिकडे कुठले विषय करणार, आणि ते इथे धरणार हे लिहून कोणी दिलंय" एवढं विचारा. त्या कागदाला बहुतेक ठिकाणी लर्निंग अ‍ॅग्रीमेंट म्हणतात, त्यावर मुलीची, इकडच्या युनिव्हर्सिटीची आणि तिकडच्या युनिव्हर्सिटीची अशा तिघांच्या सह्या असतात. तो कागद तिने समोर ठेवला तर समजा की तिने गृहपाठ केलाय आणि मग भीती कमी करा.

पैशांचं असं आहे. दोन युनिव्हर्सिटींमधला एक्स्चेंज असेल तर फी सहसा इकडच्याच युनिव्हर्सिटीला भरायची असते, तिकडची ट्यूशन फी माफ असते. पण एखादा प्रोग्रॅम बाहेरच्या कंपनीमार्फत असेल किंवा ती स्वतंत्रपणे जाणार असेल तर तिकडची पूर्ण फी लागू शकते, म्हणून हा कुठला प्रकार आहे ते आधी विचारा, कारण सगळा फरक इथेच पडतो. राहणं, जेवण, तिकीट, विमा, व्हिसा हे दोन्हीकडे आपल्यालाच बघावं लागतं. काही देश तेवढे पैसे आहेत हे आधी दाखवायला लावतात, उदाहरणार्थ जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ९९२ युरो हा आकडा धरला, वर्षाचे ११,९०४ होतात, आणि जेवढे महिने राहणार त्या हिशोबाने ते बघतात. विम्यालाही अटी असतात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा कमी मुदतीचा व्हिसा) किमान ३०,००० युरोंचं कव्हर लागतं, अमेरिकेत एक्स्चेंजच्या जे-१ व्हिसावर आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं. हे आकडे बदलत राहतात, अर्जाच्या वेळी त्या त्या दूतावासाच्या साइटवर परत एकदा बघून घ्या.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही थेट लिहिलं नाहीत पण मनात असणारच. होस्टेलची जागा युनिव्हर्सिटी देते की स्वतः शोधायची हे विचारा. स्वतः शोधायची असेल तर जागा न बघता कोणालाही आगाऊ पैसे पाठवू देऊ नका, या एका गोष्टीत मुलं सगळ्यात जास्त फसतात.

---

प्रश्न: ताई, माझं सगळं शिक्षण इंग्लिशमधून झालंय, तरी आयईएलटीएस ही इंग्लिशची टेस्ट द्यावीच लागेल का? दोन वर्षांपूर्वी दिलेली आहे.

उत्तर: आयईएलटीएसचा स्कोअर दोनच वर्षं धरतात, त्यामुळे जुना आता बहुतेक चालणार नाही, तारीख नीट बघ. पण एक्स्चेंजसाठी पुष्कळ युनिव्हर्सिटी टेस्टऐवजी इकडच्या युनिव्हर्सिटीचं भाषेचं पत्र घेतात. तिकडच्या साइटवर "बी२" किंवा "सी१" असं लिहिलेलं दिसेल, ती युरोपातली ए१ ते सी२ अशी सहा पायऱ्यांची पट्टी आहे. आधी मेल करून विचार की पत्र चालेल का, मगच टेस्टचे पैसे भर.

---

प्रश्न: ताई, मी आत्ता एक्स्चेंजवर आहे, येऊन नऊ दिवस झालेत. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटमधले दोन कोर्स एकाच वेळेला येतायत, आणि तिसरा या सेमिस्टरला रद्द झाला. इथली कोऑर्डिनेटर म्हणाली दुसरे घे, काही प्रॉब्लेम नाही. मी घेऊन टाकू का? फार घाबरलेय.

उत्तर: घाबरू नको, हे फार जणांचं होतं आणि नऊ दिवस म्हणजे तू अगदी वेळेत आहेस. पण नुसते "घेऊन टाकू" नको. तिथली कोऑर्डिनेटर म्हणते ते तिच्या बाजूने खरंच आहे, तिला खरंच काही प्रॉब्लेम नाही, पण क्रेडिट धरणारी माणसं इकडे बसलीयेत.

आज रात्री झोपायच्या आधी इकडच्या कोऑर्डिनेटरना मेल टाक. मोठं लिहू नको, असं लिही: अमुक कोर्स रद्द झाला, अमुक दोन एकमेकांवर आले, त्यांच्याऐवजी मी हे दोन घेऊ इच्छिते, हे इतक्या क्रेडिटचे आहेत, आपल्याकडच्या या या विषयांच्या जागी धरले जावेत अशी विनंती, सिलॅबस जोडलाय. सिलॅबसची पीडीएफ नक्की जोड, लिंक देऊ नको, लिंक नंतर उघडत नाहीत. दोनाऐवजी तीन पर्याय दिलेस तर अजून बरं, एकाला नाही म्हणाले तर पुन्हा आठवडा जायला नको. उत्तर येईपर्यंत तिन्ही वर्गांना बस, बहुतेक ठिकाणी पहिले काही आठवडे कोर्स बदलता येतात, ती शेवटची तारीख कुठली ते उद्या सकाळी ऑफिसात विचारून घे.

दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर परत मेल कर, तरी नाही आलं तर फोन कर, आणि फोनवर हो म्हणाले तर "आत्ताच फोनवर बोलल्याप्रमाणे" असं लिहून लगेच मेल पाठव आणि त्यावर त्यांचं नुसतं "ओके" तरी मिळव. ते मेल एका फोल्डरमध्ये ठेव, सिलॅबस पण, दिलेले असाइनमेंट पण. आणि तिथून निघायच्या आठवड्यात ऑफिसात जाऊन एवढं विचार की ट्रान्सक्रिप्ट (तिथली गुणपत्रिका) कधी निघणार, ती थेट इकडे पाठवणार की तुला देणार, आणि त्यावर हे बदललेले कोर्स आलेत का.

मेल गेला की मला कळव.